आमची वाटचाल: बेळगावात भाड्याची घरं घेणं आणि सांभाळणं

जुनी घरं विकत घ्यायची, नीट करायची आणि भाड्याने द्यायची, एवढंच आमच्या फर्मचं काम. सुरुवात वडगावच्या एका कौलारू घरापासून झाली. आज अनगोळ, टिळकवाडी, वडगाव आणि नेहरूनगर या भागांत आम्ही स्वतःची घरं सांभाळतो, आणि पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या मालकांचीही. या वाटचालीत सगळ्यात मोठा बदल झाला तो हिशेब मांडण्याच्या पद्धतीत. आधी आम्ही भाडं किती वाढेल ते बघायचो. आता घर किती महिने रिकामं राहील ते बघतो.

५० लाखांचा फ्लॅट धरू. कर्नाटकात या किमतीला मुद्रांक शुल्क ५ टक्के. त्या शुल्कावर १० टक्के सेस आणि शहरात २ टक्के अधिभार, म्हणजे ५.६ टक्के झाले. नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ वरून २ टक्के झालं. एकूण ७.६ टक्के, म्हणजे ३ लाख ८० हजार रुपये किमतीच्या वर मोजावे लागतात. भाडं महिना १६ हजार धरलं आणि वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं, तर हाती १ लाख ७६ हजार येतात. घरपट्टी, मेंटेनन्स आणि किरकोळ दुरुस्ती मिळून ३५ हजार वजा करा. राहिले १ लाख ४१ हजार. ५३ लाख ८० हजारांवर हा परतावा २.६ टक्क्यांच्या आसपास पडतो. गृहकर्जाचं व्याज याच्या कितीतरी वर असतं, म्हणून निव्वळ भाड्यावर हप्ता फेडू या भरवशावर फ्लॅट घेऊ नये, हे आम्ही प्रत्येकाला आधीच सांगतो.

त्याच फ्लॅटचं भाडं ५ टक्क्यांनी वाढवलं तर महिन्याला ८०० रुपये जास्त मिळतात. त्यापायी चांगला भाडेकरू गेला आणि घर एक महिना रिकामं राहिलं, तर गेलेले १६ हजार भरून यायला २० महिने लागतात. करार ११ महिन्यांचा असतो. आमचं पुढचं सगळं काम या एका गणितातून ठरत गेलं.

घर बघायला गेलो की आधी कागद मागतो, भिंती नंतर. ऑक्टोबर २०२४ पासून शहरातल्या मिळकतीची खरेदी नोंदवायला ई-खाता (महापालिकेतल्या मिळकत नोंदीचा ऑनलाइन उतारा) लागतो, त्यामुळे तो तयार नसेल तर इसार देत नाही. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर ईसी (मिळकतीवरच्या नोंदवलेल्या व्यवहारांचा दाखला) घरबसल्या निघतो, पण २००४ च्या आधीचे दस्त बघायला सब-रजिस्ट्रार कचेरीतच जावं लागतं. आम्ही ३० वर्षांचा ईसी काढतो. ईसी कोरा आला म्हणून निर्धास्त होऊ नये. तोंडी वाटणी, कोर्टातला दावा, नोंदणी न केलेला साठेकरार यांतलं काहीच त्यात दिसत नाही. वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींच्या सह्या किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवंच. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, आणि 'ताईचं काही म्हणणं नाही' हे शब्द कागदावर नसतील तर त्यांचा खरेदीदाराला काही उपयोग नाही.

शहापूर किंवा जुन्या गल्ल्यांतल्या घरांचे मूळ दस्त मराठीत असतात, काही तर मोडीत. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. असे कागद मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेतो आणि त्यातल्या चतुःसीमा आजच्या सीटीएस (सिटी सर्व्हे) उताऱ्याशी पडताळतो. सामाईक बोळ, विहिरीवरचा हक्क, शेजाऱ्याच्या पन्हळीचं पाणी कुठे पडायचं, या गोष्टी जुन्या दस्तात स्पष्ट लिहिलेल्या असतात आणि नव्या खरेदीपत्रात गळून पडतात. पुढे भांडण नेमकं त्यावरूनच होतं.

शहराच्या कडेला एनए (बिगरशेती) न झालेल्या शेतातले प्लॉट बाँडपेपरवर विकले जातात आणि त्यावर घरंही उभी राहतात. स्वस्त मिळतात म्हणून भाड्यासाठी घ्यावीत असं पुष्कळांना वाटतं. आम्ही ती घेत नाही. वटमुखत्यारपत्र आणि साठेकरारावर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. बी-खाता (अनधिकृत मिळकतीची वेगळी नोंद) मिळाला तरी घरपट्टीची नोंद होते, बांधकाम नियमित झालं असं होत नाही.

पाण्याकडे आम्ही सर्वांत जास्त लक्ष देतो, कारण बेळगावात भाडेकरू घर सोडतो तो बहुतेक पाण्यापायी. शहराला राकसकोप आणि हिडकल इथून पाणी येतं. काही वॉर्डांत ते चोवीस तास असतं, बाकी ठिकाणी काही दिवसांआड. म्हणून घर घेण्याआधी मालकाला न विचारता गल्लीतल्या दोन घरांत विचारतो, 'काकू, पाणी कितव्या दिवशी येतं? किती वेळ?' मग संपचं (जमिनीखालच्या टाकीचं) माप काढतो. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर चौघांच्या घराला ५४० लिटर लागतात. पाच दिवसांआड पाणी असेल तर एका बिऱ्हाडाला २,७०० आणि चार बिऱ्हाडांना १०,८०० लिटर साठा हवा. १० फूट लांब, ८ फूट रुंद आणि ५ फूट पाण्याची खोली असलेल्या संपमध्ये सुमारे ११,३०० लिटर मावतात. यापेक्षा लहान संप असेल तर उन्हाळ्यात टँकर येणार, आणि टँकरचे पैसे कोणी द्यायचे यावरून चार बिऱ्हाडं एकमेकांशी बोलेनाशी होणार.

गच्चीवर प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळी टाकी, निदान १,००० लिटरची, स्वतंत्र पाइप आणि स्वतंत्र व्हॉल्व्हसह बसवतो. एकच मोठी टाकी स्वस्त पडते, पण एकाचा नळ गळला की चौघांचं पाणी जातं आणि दोष कुणाचा ते कळत नाही. मोटारीचं कनेक्शन कुठल्याही बिऱ्हाडाच्या मीटरवर न टाकता जिन्याच्या दिव्यांच्या सामाईक मीटरवर टाकतो.

विजेचंही तसंच. हेस्कॉम या वीज कंपनीच्या एका मीटरवर आत सबमीटर बसवून चार घरं चालवण्याची पद्धत जुनी आहे, पण २०२३ मध्ये मोफत विजेची गृहज्योती योजना आल्यापासून ती भाडेकरूला महाग पडते. घरगुती वापर २०० युनिटच्या आत असेल तरच सवलत, आणि वर गेला तर पूर्ण बिल. चौघांचा वापर एका मीटरवर मोजला की तो २०० च्या वरच जाणार. त्यामुळे प्रत्येक घराला स्वतंत्र आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) घेतो. भाडेकरूलाही योजनेत नाव नोंदवता येतं, मात्र तो जाताना त्याचं आधार त्या आरआर नंबरवरून काढून घ्यायला हवं, नाहीतर नव्या भाडेकरूचा अर्ज अडतो. चाव्या परत घेण्याच्या यादीत आम्ही हे काम पहिलं लिहिलं आहे.

भिंतींची गोष्ट पावसाची आहे. इथला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि पश्चिमेची भिंत सगळ्यात आधी ओल धरते. जुन्या घरांत जांभ्याच्या भिंती आणि चुन्याने भरलेले सांधे असतात. अशा भिंतीला बाहेरून सिमेंटचा घट्ट गिलावा केला की आत गेलेलं पाणी बाहेर निघत नाही, आतल्या बाजूला लोणा फुटतो आणि रंग पोपडे धरून सुटतो. तिथे चुन्याचाच गिलावा करावा, खर्च जास्त आला तरी. स्लॅबचं घर असेल तर गळती बहुधा स्लॅबच्या मधोमध नसते. ती कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात असते, कारण तिथे गोलाई केलेली नसते आणि फट उघडी राहते. तपासायचं तर गच्चीचे पाइप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवावं आणि खालून छत बघावं. विकणारा याला तयार नसेल तर आम्ही किमतीतून वॉटरप्रूफिंगचा खर्च वजा धरतो.

रंग मात्र दिवाळीआधी घाईने देऊ नये. ओल्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला थेंब जमले तर भिंत अजून वाळलेली नाही.

वडगाव-खासबागमध्ये एक प्रश्न वेगळा येतो. विणकर कुटुंबं घरातच यंत्रमाग बसवायला मागतात. ही माणसं जागा सहसा सोडत नाहीत आणि भाडं वेळेवर देतात, आम्हाला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण जुन्या मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीत मागाच्या धक्क्याने सांधे उकलतात. मागासाठी भिंतीपासून सुटा काँक्रीटचा पाया करून देता येत असेल तरच आम्ही हो म्हणतो.

कराराच्या बाबतीत चंदगड, गडहिंग्लजकडचे लोक महाराष्ट्रातला लिव्ह अँड लायसन्सचा नमुना घेऊन येतात. तो इथे चालवू नये. तिकडच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, इथे कायदा वेगळा आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा मात्र इथेही नोंदवावाच लागतो, म्हणूनच ११ महिन्यांची पद्धत पडली आहे. करार आम्ही इंग्रजीत किंवा कानडीत करतो आणि त्याची मराठी प्रत भाडेकरूला वाचून दाखवून तिच्यावर सही घेतो. आपण कशावर सही केली हे माणसाला कळलंच पाहिजे.

हा करार आम्ही शक्यतो १ जूनला सुरू करतो. गोगटे कॉलेज, व्हीटीयू, केएलई यांच्याकडे येणारे विद्यार्थी आणि नोकरदार जून ते ऑगस्टमध्येच घर शोधतात. १ जूनपासून ११ महिने म्हणजे ३० एप्रिल, आणि मे महिना दुरुस्तीला मोकळा मिळतो. कौलं फिरवणं, पन्हळी साफ करणं, गच्चीचं काम, सगळं पावसाळ्याआधी. जो राहणार आहे त्याचा करार मेमध्येच नवा करतो आणि दुरुस्ती त्याच्या सोयीने. घर मधेच ऑक्टोबरमध्ये रिकामं झालं, तर नवा करार फक्त एप्रिलअखेरपर्यंतचा करून सगळी घरं पुन्हा एका रांगेत आणतो. कॅम्प भागातल्या लष्करी कुटुंबांना बदली कधीही येते, त्यांच्यासाठी एक महिन्याच्या सूचनेवर कोणतीही कपात न करता अनामत परत देण्याचं कलम घालतो.

भाडं फक्त बँकेतून घेतो आणि पावती देतो. प्राप्तिकरात, मालकाने भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्यासाठी दुरुस्तीची बिलं दाखवावी लागत नाहीत. घरपट्टी एप्रिलमध्ये भरली की ५ टक्के सूट मिळते.

भाडं थकलं तर पाणी किंवा वीज तोडणं, कुलूप बदलणं असलं काही आम्ही करत नाही. मालकाने आग्रह धरला तर त्याचं घर सांभाळायचं काम सोडतो. पाचव्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी घरी जाऊन विचारपूस. नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल तर अनामतीतून दोन महिने वळते करून लेखी ठरवतो. त्यानंतरही जमलं नाही तर वकिलामार्फत १५ दिवसांची नोटीस, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे. घर सोडायच्या दिवशी प्रवेशाच्या वेळी काढलेले फोटो, मीटरचं रीडिंग आणि नळ-पंख्यांची यादी समोर ठेवून दोघांनी मिळून घर बघायचं, आणि उरलेली अनामत त्याच दिवशी, टेम्पो सुटण्याआधी खात्यावर टाकायची.