तुम्ही विचारलंत म्हणून: माशाच्या सुरीला एवढे पैसे?

ओसाकातल्या आमच्या घरी कुणी आलं की ओट्यावरच्या सुरीची किंमत विचारतं. २० हजार येन म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘‘माशाच्या सुरीला एवढे पैसे? असं काय आहे हिच्यात?’’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

ही ‘देबा’, मासे कापायची जाड पाठीची सुरी. शेजारच्या साकाईत घडवलेली. पोर्तुगीजांबरोबर जपानात तंबाखू आली, ती बारीक चिरायला साकाईचे लोहार सुऱ्या करू लागले आणि त्या इतक्या गाजल्या की शोगुनांच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशांच्या, राजवटीने त्यांना खास शिक्का दिला. तिथे आजही एकच माणूस अख्खी सुरी करत नाही. लोहार पातं घडवतो, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा.

लोहाराच्या भट्टीवर गेले तेव्हा आत चक्क अंधार. मला वाटलं, वीज वाचवताहेत! पण तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी जोखायचा तर उजेड नकोच. मऊ लोखंडाच्या तुकड्यावर पोलादाची पट्टी, मध्ये टाकणखार मिसळलेली भुकटी, आणि मग घणाखाली दोन्ही एकजीव. नंतर पात्याला मातीचा लेप देऊन, वाळवून, सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात. आपले लोहार याला ‘पाणी देणं’ म्हणतात. या पोलादाची नावं मात्र गमतीची: ‘शिरोगामी’ म्हणजे पांढरा कागद, ‘आओगामी’ म्हणजे निळा. शिमानेतल्या यासुगीहून येणाऱ्या पोलादाला ज्या रंगाचा कागद, ते त्याचं नाव.

सगळे त्या कडक पोलादाचंच कौतुक करतात. मला विचाराल तर पैसे वसूल होतात ते मऊ लोखंडात. नुसतं पोलाद आपटलं तर तडकेल, आणि दगडावर घासता घासता माझे हात भरून येतील. इथे पोलादाची कडा तेवढी पातळ, बाकी दगडाला लागतं ते बहुतेक लोखंडच. म्हणून रविवारी दगड भिजवून बसले की मलाही धार लावता येते. उतरती बाजू घासत राहायची; मागच्या बाजूला अंगठ्याला किंचित खरखर लागली की पातं उलटं करून सपाट टेकवायचं आणि दोन-चार हलके हात. मागची बाजू मध्ये किंचित खोलगट असते, त्यामुळे तिथेही घासायला थोडंच उरतं.

नखरे आहेतच. ओली ठेवली की गंजते. उतार एकाच बाजूला असल्यामुळे माझ्या डावखुऱ्या नवऱ्याचा काप तिरका जातो, म्हणून मासे माझ्याच गळ्यात. आणि एकदा घाईत मी फ्रीजरमधली दगडासारखी सुरमई हिने कापायला गेले. टोकाजवळ तिळाएवढा टवका उडाला. धार लावणाऱ्या आजोबांनी तो नखाने चाचपला, मला काही बोलले नाहीत, फक्त ‘‘बर्फ?’’ एवढंच विचारलं. टवका जाईपर्यंत त्यांनी कडा घासली. सुरी तेव्हापासून जराशी अरुंद आहे.

गेल्या वर्षी आई रत्नागिरीहून आली होती. तिने हिनेच बांगड्याचे तुकडे केले, धार निरखली, मॅग्नोलियाच्या लाकडाची मूठ, मुठीच्या गळ्याशी असलेलं म्हशीच्या शिंगाचं कडं, सगळं हात फिरवून पाहिलं. मग सुरी पुसून जागेवर ठेवत म्हणाली, ‘‘चांगली आहे गो. पण विळीसारखं बसून नाही कापता येत.’’