आजोबा जातात, ग्रँडफादर गोज

बेळगावजवळच्या येळ्ळूरला आमच्या ओसरीवर संध्याकाळी सहावी-सातवीची पोरं शिकवणीला बसतात. परवा एकीच्या वहीत वाक्य होतं, 'माय ग्रँडफादर गो टू द फील्ड.' मी 'गो'खाली लाल रेघ ओढली, तर ती म्हणाली, "बाई, आजोबांना एकवचन कसं लावू? आजोबा जातात की."

इतकी वर्षं मला वाटायचं, मुलं क्रियापदाला लावायचा एस विसरतात. ही काही विसरली नव्हती. घरी 'आजोबा जातो' म्हटलं तर आई रागावणार. शाळेतल्या कन्नडातही तेच: मुलगा होगुत्ताने, मुलगी होगुत्ताळे, मोठं माणूस होगुत्तारे. दोन्ही भाषांनी तिला मान अनेकवचनातून द्यायला शिकवलं, आणि इंग्रजी म्हणते, माणूस एकच ना, मग एस लाव.

मी सांगितलं, इंग्रजी इथे फक्त डोकी मोजते. मान दिसतो तो 'यू'मध्ये. 'यू' मुळात अनेकवचनी, एकट्यासाठी 'दाऊ' होता. आपल्या 'तुम्ही'सारखं मानानं एकालाही 'यू' म्हणू लागले, आणि हळूहळू 'दाऊ' मागे पडला. म्हणून आजही एकट्या माणसाला 'यू आर'च म्हणायचं. हे तिला फार आवडलं.

स्पेलिंगचं मी कानावर सोडते. 'वॉश'ला नुसता एस लावून म्हणून बघा, जीभ अडते. मध्ये 'इ' घ्यावाच लागतो, वॉशिझ, म्हणून ईएस. वॉच, फिक्स, मिस यांचंही तसंच. 'गो' आणि 'डू' मात्र कानाला दाद देत नाहीत. तिथे जीभ अडत नाही तरी ईएस लागतो, ते पाठच करायचं. शेवटी वाय असेल तर त्याच्या आधीचं अक्षर बघायचं. 'क्राय'मध्ये आर आहे, म्हणून वाय जाऊन आयईएस. 'प्ले'मध्ये ए हा स्वर आहे, म्हणून वाय जागेवर राहतो आणि नुसता एस लागतो.

माझं स्वतःचं अडायचं ते 'ही डझ नॉट गोज'पाशी. सातवीत असताना सरांनी ते वाक्य शंभरदा लिहायला लावलं, पण का चुकलं ते सांगितलं नाही. मला ते अजून लागतं. सांगायचं एवढंच होतं की वाक्यात एस एकच, तो 'डू'नं घेऊन 'डझ' झालं, मग 'गो' मोकळा. हे मी पहिल्याच आठवड्यात सांगते.

काल तिनं वही पुढे केली. चार वाक्यं होती, शेवटची दोन अशी: 'माय ग्रँडफादर कॅरीज अ सिकल. ही डझ नॉट हरी.' 'कॅरीज'ला आयईएस बरोबर, 'हरी'चा वाय जागेवर. वही मिटताना हळूच म्हणाली, "पण बाई, मराठीत मी 'जातात'च म्हणणार."

"म्हण की," मी म्हटलं.