मॉली ग्रीस आणि माझी पीएचडी

सुट्टीत शेफिल्डहून ठाण्याला आलं की "तिकडे नक्की करतोस काय?" हा प्रश्न ठरलेला. या वेळी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं नाव काढलं आणि वागळे इस्टेटमध्ये जन्म काढलेले शेजारचे काका म्हणाले, "अरे, म्हणजे मॉली ग्रीस! बेअरिंगला लावायचो आम्ही. हात काळेकुट्ट व्हायचे."

तेच ते. त्याचे थर एकमेकांना जेमतेम धरून असतात, म्हणून घसरतात, म्हणून वंगण. आम्ही स्फटिकाला चिकटपट्टी लावतो, उचकटतो, पुन्हा लावतो. मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव यांनी 2004 मध्ये ग्रॅफाइटवर हाच उद्योग करून ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर, मिळवलं आणि 2010 चं नोबेलही. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली शोधाशोध. मान मोडते, डोळे चुरचुरतात, प्रवेशाच्या माहितीपत्रकात यातलं काही नसतं. हवा असतो एकपदरी तुकडा, नॅनोमीटरहूनही पातळ. लेसर टाकला की जाड तुकडे मंद राहतात आणि हा पठ्ठ्या लाल उजळतो. पातळ होऊन उजेड वाढावा, हे मला अजूनही अजब वाटतं.

उजेड पडल्यावर आत इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली पोकळी यांची जोडी जमते, ती एक्सायटॉन. गॅलियम आर्सेनाइड या नेहमीच्या अर्धवाहकात (सेमीकंडक्टरमध्ये) ही जोडी इतकी नाजूक की द्रव हेलियमची थंडी लागते. इथे मात्र बंध काही शे मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचं अगदी छोटं एकक), तर खोलीतल्या उष्णतेचा धक्का सुमारे 25 चा. जोडी टिकते.

मग हा तुकडा दोन आरशांमध्ये ठेवायचा. कोंडलेला प्रकाश एक्सायटॉन होतो, एक्सायटॉन पुन्हा प्रकाश, आणि ऊर्जा गळून जाण्याआधी ही देवाणघेवाण कित्येकदा होते. आमच्या सोसायटीतले दोन झोके एकाच डुगडुगत्या दांडीला आहेत. एकावर पोर बसलं की रिकामाही हलायला लागतो, तसंच. मग प्रकाशाच्या वर्णपटात एका शिखराची फूट पडून दोन होतात. जे तयार होतं ते निव्वळ प्रकाश नाही की निव्वळ पदार्थ नाही: पोलॅरिटॉन. अर्धवाहकांत ही फूट 1992 मध्ये दिसली होती. एकपदरी मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये, तीही साध्या खोलीत, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने 2015 मध्ये दाखवली; दोन शिखरांत अंतर 46 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचं.

"विकणार काय याचं?" काकांचा रोख बरोबर होता. कमी विजेवर चालणारे लेसर, प्रकाशानेच प्रकाश वळवणारे स्विच, असं बरंच बोललं जातं. पण चिकटपट्टीने सोललेल्या मायक्रॉनभर तुकड्यांवर कारखाना चालत नाही. चिप बनवतात तसल्या अख्ख्या चकतीवर (वेफरवर) सारखा, निर्दोष थर वाढवणं स्वस्तात जमेल, तेव्हा ऑर्डरी घेऊ.