इमोजीन खिंडीतला दिवस

आज सकाळी कोलोरॅडोतील यूरे गावातून पिकअप घेऊन निघालो आणि १३,११४ फूट उंचीची इमोजीन खिंड ओलांडून दुपारी टेल्युराइडला उतरलो. टायरमधील हवा थोडी कमी केल्याने खडकांवर पकड मिळाली. उतारावर मात्र खरा आधार होता तो लो रेंजमधल्या (फोर-व्हील ड्राइव्ह गाडीतल्या अतिसंथ गिअरच्या टप्प्यातल्या) पहिल्या गिअरचा, कारण सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात. कड्यालगत समोरून चढणारी जीप दिसताच, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची या रिवाजानुसार मी गाडी मागे घेतली, आणि पिकअपची लांबी तेव्हा फार जाणवली. वाटेबाहेरच्या नाजूक गवतावर मात्र चाक जाऊ दिले नाही. टॉमबॉय खाणीच्या ओस अवशेषांपाशी बराच वेळ थांबलो. एवढ्या उंचीवर, मुलाबाळांसह हिवाळे काढणारे ते खाणकामगार अजून मनातून जात नाहीत.