तानपुरा ऐकू येईना म्हणून

२०२१ च्या पावसाळ्यात ऑफिसातल्या एका मित्राकडून सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन जुना म्हणून घेतला. तो परदेशी चालला होता, घर आवरत होता, आणि मी घरून काम करता करता दिवसाचे सहा-सहा तास गाणं ऐकत होतो. सौदा पाच मिनिटांत झाला. घरी येऊन वायर उलगडली तर टोकाला जाडजूड पिन, ६.३ मिलिमीटरची. ती लॅपटॉपच्या भोकात कशी जाणार? खोक्याच्या तळाशी जोडपिन सापडली म्हणून बरं.

पहिलं गाणं सिनेमातलं लावलं. झकास वाजलं. मग संग्रहातल्या एका जुन्या मैफलीतला भूप लावला. विलंबित सुरू झाला आणि गवई शेजारच्या खोलीत बसून गातोय असं वाटायला लागलं. आवाज शंभरावर नेला, तरी तेच. तानपुरा तर जवळजवळ नाहीच. या हेडफोनची पाठ जाळीची असते, बाहेरचं सगळं आत येतं, त्यामुळे तानपुऱ्याच्या जागी मला आमचा पंखा ऐकू येत होता.

ज्याला विचारलं त्यानं सांगितलं, ‘अँप घे.’ म्हणजे अँप्लिफायर, आवाज वाढवणारी डबी. कसला, किती ताकदीचा, कशाला जोडायचा, हे मीही विचारलं नाही. मुंबईला कामासाठी गेलो होतो तेव्हा लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात शिरलो. दुकानदार म्हणाला, “साहेब, एक वॉटचा आहे. काहीही वाजवेल.” पत्र्याची काळी डबी, पुढे मोठा नॉब, मागे दोन गोल सॉकेट. हातात जड लागली. वस्तू जड असली की आपल्याला ती चांगली वाटते, का कोण जाणे.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या जॅकमधून वायर काढून त्या डबीला दिली आणि नॉब फिरवला. आवाज आला, भरपूर आला. पण त्याच्याबरोबर बारीक घूंऽऽ असा अखंड नाद, आणि माउसनं पान वर-खाली केलं की चिर्र. माउस थांबला की चिर्र थांबायची. शिवाय नॉब घड्याळातल्या आठाच्या जागेवरून नवाच्या जागेपर्यंत गेला की कान फुटायची वेळ, म्हणजे वापरायला एवढीशीच जागा. आणि नेमक्या त्या जागेत डावा कान उजव्यापेक्षा मोठा वाजायचा. गवई एका बाजूला सरकून बसल्यासारखा. आठवडाभर मी मान तिरकी करून गाणं ऐकलं.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांना हाक मारली. ते आकाशवाणीत इंजिनिअर होते, आता निवृत्त. त्यांनी हेडफोन कानाला लावला, दोन सेकंद ऐकलं आणि म्हणाले, “आधी चार्जर काढ.”

“काका, चार्जर काढला तर दोन तासांत बंद पडतो हा.”

“बंद पडू दे. काढ तर खरं.”

काढला. घूंऽऽ गेलं. परत लावला, परत आलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

मग त्यांनी समजावलं. लॅपटॉपच्या चार्जरचं अर्थिंग आणि अँपच्या अडॅप्टरचं अर्थिंग, दोन्ही घरातल्या वायरिंगमधून एकमेकांना भेटतात, आणि मी जोडलेल्या बारक्या वायरीच्या जाळीतून पुन्हा भेटतात. झालं वर्तुळ. त्या वर्तुळात जो काही चिमूटभर प्रवाह फिरतो तो गाण्यात मिसळतो. माउसची चिर्र तर लॅपटॉपच्या पोटातलीच. डिजिटल फाईलचा आवाज बनवणारी चिप, म्हणजे डॅक, तिथे बाकीच्या गजबजाटाच्या शेजारीच बसलेली असते. “तू काय केलंस, त्या गढूळ पाण्याला पंप लावलास,” काका म्हणाले. “पाणी जोरात आलं, गढूळच आलं.”

दुसऱ्या दिवशी ते मल्टिमीटर घेऊन आले. जुन्या इअरफोनची वायर कापून टोकं सोलली, ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये ५० हर्ट्झचा पूर्ण ताकदीचा सूर तयार केला, लॅपटॉपचा आवाज शंभर. एकाला दोन करणाऱ्या जोडणीतून हेडफोन एकीकडे, मीटर दुसरीकडे. “कानाला लावू नकोस हां,” त्यांनी बजावलं. टेबलावर हेडफोन भुंग्यासारखा गुणगुणत होता आणि मीटरवर आकडा होता अर्धा व्होल्ट, वर थोडं काहीतरी.

बाकीचा हिशेब दुधाच्या बिलाच्या मागे झाला. एचडी ६५० चा रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, ३०० ओहम. एका व्होल्टला तो १०३ डेसिबल आवाज देतो. व्होल्ट निम्मे झाले की ६ डेसिबल कमी, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर जास्तीत जास्त ९७ च्या आसपास. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण ते फाईलमधल्या सगळ्यात मोठ्या क्षणाला. हल्लीचं सिनेमातलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या टोकाला चिकटवूनच तयार करतात, म्हणून ते झकास वाजलं. मैफलीत ते टोक कधी येतं? द्रुतच्या शेवटी, तबल्याच्या एखाद्या कडकडीत तिहाईला. विलंबिताची आलापी त्याच्या २५-३० डेसिबल खाली असते आणि तानपुरा आणखी खाली. तो पंख्यात बुडणारच.

दुकानदाराच्या ‘एक वॉट’चंही पोस्टमॉर्टेम तिथेच झालं. तो वॉट ३२ ओहमच्या हेडफोनवर मोजलेला. त्यासाठी साधारण ५.७ व्होल्ट लागतात. तेच व्होल्ट ३०० ओहमवर दिले तर ताकद निघते सुमारे १०७ मिलिवॉट, जेमतेम नववा हिस्सा. आणि मला तर तेवढीही नको होती. दोन व्होल्ट मिळाले तरी १०९ डेसिबल होतात, ताकद फक्त १३ मिलिवॉट. रोध जास्त असलेल्या हेडफोनला वॉट विचारायचे नाहीत, व्होल्ट विचारायचे, एवढं मला त्या दिवशी कळलं. उलट कानात घालायचा १६-३२ ओहमचा इअरफोन असेल तर व्होल्टची चणचण नसते. तिथे अँपचा स्वतःचा आउटपुट रोध बघायचा, तो हेडफोनच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा असा साधा दंडक आहे. (त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलचे १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रो लॅपटॉप आले. त्यांचा जॅक हेडफोनचा रोध ओळखून १५० ओहमच्या वर ३ व्होल्टपर्यंत देतो. तसा लॅपटॉप असता तर हे रामायण घडलंच नसतं.)

म्हणजे मला हवा होता तो नुसता अँप नव्हे. यूएसबीतून आकडेच बाहेर काढायचे, त्यांचा आवाज बनवायचं काम बाहेरच्या डब्यात करायचं आणि तिथेच तो वाढवायचा. डॅक आणि अँप एकत्र. शीट कंपनीच्या मॅग्नीची तारीफ फार ऐकली होती, पण तेव्हा तो नुसता अँप होता, डॅक वेगळा घ्या. तो बाद.

आधी सगळ्यात स्वस्त उपाय करून बघितला: ॲपलची यूएसबी-सीची बोटभर वायर. तिच्या टोकातच डॅक आणि अँप दोन्ही असतात आणि ती एक व्होल्ट देते. युरोपात विकतात ती अर्ध्या व्होल्टचीच असते, म्हणून आधी मीटर लावून खात्री केली. घूंऽऽ नाही, चिर्र नाही. तानपुरा आला! हजार रुपयांच्या आत. मी जरा ओशाळलोच. शोध इथेच संपवायला हरकत नव्हती.

पण एका मित्रानं त्याचा फिओ के५ प्रो, डॅक आणि अँप एकत्र असलेला डबा, आठ दिवसांसाठी दिला, आणि तो मला जास्त भरदार वाटायला लागला. काकांनी मान हलवली. “मोठा लावला असशील.” कान असे फसतात म्हणे, जरासा मोठा आवाज ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. परत तो ५० हर्ट्झचा सूर, परत मीटर, दोन्हीकडचे व्होल्ट सारखे करून घेतले. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. हेडफोन वायरीला जोडायचा की के५ प्रोला हे मुलगी नाणं उडवून ठरवायची, आणि बदलायचं नसलं तरी दर वेळी पिन काढून परत घालायची, म्हणजे मला आवाजावरून सुगावा लागू नये. दहा वेळा ऐकलं, सहा वेळा बरोबर ओळखलं.

“बाबा, सहा म्हणजे नुसतं नाणं उडवलं असतंत तरी आले असते,” ती म्हणाली. तिच्या दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेचा धडा नुकताच झाला होता.

तरीही मी के५ प्रो घेतला. कारण आवाजाचा पोत नाही; तो माझ्या कानांना तरी सारखाच होता. कारण नॉब. आलापीला आवाज मोठा ठेवायचा तर द्रुत सुरू होताना तो कमी करावाच लागतो, नाहीतर तबला डोक्यात बसतो. लॅपटॉपवर ते करायचं तर काम चाललेलं असतं ती खिडकी सोडा, बटण शोधा. तोवर तिहाई होऊन जाते. इथे डोळे मिटलेले असले तरी हात जातो. शिवाय त्याचा नॉब आवाज थेट अडवत नाही, नुसती आपली जागा आतल्या चिपला कळवतो, त्यामुळे अगदी हळू आवाजातही दोन्ही कान सारखे. मान सरळ झाली. गेन, म्हणजे अँप आवाज किती पट वाढवतो ते, कमी-जास्त करायला तीन पायऱ्यांचा खटका आहे; तो मी मधल्या पायरीवर ठेवतो, म्हणजे नॉबला फिरायला नीट जागा मिळते. जाड पिनही थेट बसते, जोडपिन नको. नॉबभोवती निळं कडं पेटतं. ते नसतं तरी चाललं असतं.

विंडोजमध्ये ‘एन्हान्समेंट’ नावाचं जे काही असतं ते बंद केलं आणि आउटपुट ४४.१ किलोहर्ट्झवर ठेवलं, कारण माझ्या बहुतेक फाईली सीडीवरून उतरवलेल्या, आणि सीडीचं माप तेच. यानं फार काही पालटलं असं म्हणणार नाही. बोटभर वायर मुलीनं केव्हाच नेली. लॅमिंग्टन रोडची काळी डबी माळ्यावर आहे.

काकांना मुद्दाम बोलावलं, तोच भूप लावून दिला. त्यांनी चष्मा काढून ठेवला, हेडफोन चढवला आणि वीसेक मिनिटं हलले नाहीत. चहा गार झाला. मग हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाले, “पंचमाची तार उतरलीय रे. कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.”

तेव्हापासून मलाही तीच ऐकू येते.