ईदची सुट्टी माझीही होती

2024 साली जिल्हज महिन्याचा चंद्र दिसला आणि अमिरातीत खासगी नोकरदारांना 15 ते 18 जून अशी चार दिवसांची सुट्टी जाहीर झाली. पहिला अराफातचा दिवस आणि पुढचे तीन बकरी ईदचे. दुबईत अल कूझला एका गोदामात मी स्टोअरकीपर आहे. माल अडकला होता म्हणून आम्हा सात जणांना पहिले तीन दिवस ड्युटी लागली. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, तीही नेमकी 15 जूनपासून लागू झाली. त्यामुळे कंटेनर भल्या पहाटेच रिकामे करायला घेतले. कामाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. त्या तीन दिवसांच्या बदली रजेवर मात्र माझा जीव अडकला होता.

कारण 7 सप्टेंबरला गणपती येत होते. घर चिपळूणजवळ. वार्षिक रजा आठच दिवस उरली होती, तेवढ्यात जाऊन येऊन गौरी-गणपतीचं विसर्जन गाठणं जमत नव्हतं. हे तीन दिवस जोडले की जमत होतं.

ईदनंतर एचआरकडे गेलो. उत्तर मिळालं, "ईद काही तुमचा सण नाही, मग तुम्हाला बदली रजा कशाची?" हे मला फार लागलं. दिवाळी इथल्या सुट्ट्यांच्या यादीत नाही. नऊ वर्षं मी दिवाळीला घरच्या रजेतूनच दिवस काढतोय आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण यादीत जी सुट्टी आहे, ती देताना कायदा कोणाचा धर्म विचारत नाही. रमजानमध्ये रोज दोन तास काम कमी होतं, तेही रोजे धरणाऱ्या-न धरणाऱ्या सगळ्यांसाठीच.

त्या रात्री खोलीवर बसून 2021 चा 33 क्रमांकाचा कामगार कायदा उघडला. तो 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. त्याचं कलम 28 सरळ आहे: सार्वजनिक सुट्टी भरपगारी. त्या दिवशी कामावर बोलावलं, तर प्रत्येक दिवसामागे एक बदली सुट्टी, नाहीतर त्या दिवसाचा नेहमीचा पगार आणि वर मूळ पगाराच्या किमान 50 टक्के. दोन्हींपैकी एक द्यावंच लागतं. (मूळ पगार म्हणजे भत्ते वगळून. करारावर तो किती लिहिलाय हे प्रत्येकाने एकदा बघून ठेवावं, बरेच जण बघत नाहीत.)

मग कलमाचा उल्लेख करून ईमेल टाकला. सोबत ड्युटीचा तक्ता आणि सुपरवायझरचे व्हॉट्सॲपवरचे निरोप जोडले. दहा दिवस उत्तर नाही. 80084 या कामगार सल्ला क्रमांकावर फोन केला तेव्हा तिथल्या माणसाने हिंदीत नीट समजावलं आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी कामगार मंत्रालयाच्या ॲपवर तक्रार नोंदवली. यूएई पासने, म्हणजे इथल्या सरकारी डिजिटल ओळखीने, आत शिरायचं, लेबर कार्डाचा नंबर द्यायचा, कागद जोडायचे. पैसे काही लागले नाहीत.

भीती वाटत होतीच. नोकरी गेली तर व्हिसा जातो. मंत्रालयात रास्त तक्रार केली म्हणून काढलं, तर ते बेकायदा ठरतं आणि तीन महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई मिळू शकते, हे कलम 47 मी तीन-चारदा वाचलं. तरी झोप लागली नाही ती नाहीच.

आधी चौदा दिवसांत समेट घडवायचा प्रयत्न होतो. नाहीच जमलं, तर 50,000 दिरहमपर्यंतच्या वादात 2024 पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देतं. माझं तिथवर गेलं नाही. मंत्रालयातून एका बाईंचा फोन आला, त्या आधी माझ्याशी बोलल्या, मग कंपनीशी. त्यांनी कंपनीला एवढंच विचारलं की या तीन दिवसांचे पैसे दिले का, आणि नसतील तर रजा कधी देणार. चौथ्या दिवशी एचआरने बोलावून तीन दिवसांची रजा लेखी दिली. सातही जणांना मिळाली, हे मला जास्त मोलाचं वाटलं. त्यातल्या दोन नेपाळी लोडरना तक्रार कशी करतात हेही ठाऊक नव्हतं.

5 ते 15 सप्टेंबर अशी रजा घेतली. पैगंबर जयंतीची सुट्टी 15 तारखेलाच होती आणि ती माझ्या वार्षिक रजेतच धरली गेली. मी विचारलं, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर कायद्याने ते बरोबर आहे. रजेचा अर्ज करण्याआधी सुट्ट्यांची यादी समोर ठेवायला हवी होती.

2 आणि 3 डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाला पुन्हा ड्युटी लागली. या वेळी तक्त्यात एक नवा रकाना होता, 'रजा की पैसे'. आमच्या पेशावरच्या ड्रायव्हरभाईंनी तो माझ्याकडून वाचून घेतला, पैसे लिहायला सांगितले आणि पुढे स्वतः सही केली.