समान पात्रतेचे अर्जदार आणि मोजक्या जागा

नागरिकत्वाचा वार्षिक कोटा ठरलेला असेल आणि निवासाची वर्षे, भाषेची परीक्षा, चारित्र्य अशा सर्व अटींत बसणारे अर्जदार जागांहून जास्त असतील, तर निवड सोडतीने व्हावी, असे माझे मत आहे. माणसाचे भवितव्य चिठ्ठीवर सोपवणे अनेकांना पटत नाही. पण सोडत नाकारली की तिच्या जागी काय येते, हेही पाहायला हवे.

स्वित्झर्लंडमधील एमेन येथे २००० साली मतदारांनी ५६ अर्जदारांच्या नागरिकत्वाचा फैसला मतपेटीतून केला. होकार मिळाला तो फक्त ८ जणांना, आणि ते सर्व इटालियन होते. नाकारलेल्यांत बहुतेक जण पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून आलेले होते. गुप्त मतदानात नकाराचे कारण देताच येत नाही, म्हणून २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. अधिकाऱ्यांच्या समितीकडे काम सोपवले, तरी समान गुणांच्या दोघांत ‘आपल्यात मिसळणारा’ कोण, हे ठरवताना हाच कल सभ्य भाषेत डोके वर काढतो. ‘प्रथम येईल त्यास प्राधान्य’ हा नियम दिसायला सरळ आहे, मात्र ज्याच्या दिमतीला वकील आहे त्याचाच अर्ज आधी पोहोचतो.

सोडत ही काही नवलाईची गोष्ट नाही. लिश्टेनश्टाइन या युरोपातील छोट्या देशात युरोपीय आर्थिक क्षेत्रातील (म्हणजे युरोपीय संघ आणि त्याच्याशी जोडलेल्या काही देशांतील) नागरिकांसाठीच्या निवास परवान्यांपैकी निम्मे सोडतीनेच दिले जातात.

खरी गुंतागुंत कुटुंबांमुळे होते. तीनच जागा उरल्या असताना पाच जणांच्या कुटुंबाची चिठ्ठी निघाली, तर काय करायचे? माणशी चिठ्ठी ठेवली तर आई नागरिक आणि मुले परकी, असा प्रसंग येईल. उलट उरलेल्या जागांत न मावणारी कुटुंबे वगळत गेले, तर मोठ्या कुटुंबांची संधी दरवर्षी हटकून कमी होईल. माझ्या मते कुटुंबाची चिठ्ठी एकच असावी आणि कमी पडणाऱ्या जागा पुढील वर्षाच्या कोट्यातून उचलाव्यात. हिशेब ठेवणाऱ्यांना हे रुचणार नाही, हे उघड आहे.

ज्यांचे नाव निघाले नाही, त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करायला लावणेही अन्यायाचे आहे. त्यांची पात्रता सिद्ध झालेलीच असते. तेव्हा शुल्क आणि परीक्षा पुन्हा न लादता दर वर्षामागे त्यांच्या नावाची एक चिठ्ठी वाढवावी, आणि ठरावीक वर्षांनंतर सोडतीविना जागा द्यावी.